शोधले की सापडते का?

पाठ्यपुस्तकाच्या शेवटी सूची असली तरी मुले ती फारशी पाहत नाहीत. पाने चाळून हवा तो मजकूर सापडतो, कारण पुस्तक लहान असते. ग्रंथ मोठा झाला की चाळणे पुरत नाही. श्री. व्यं. केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तेव्हा त्यातला एक स्वतंत्र खंड त्यांनी केवळ सूचीसाठी दिला. नोंदी अकारविल्हे लावलेल्या असूनही सूची लागली. असे का? कारण वाचकाच्या मनात जो शब्द असतो, तोच नोंदीच्या मथळ्यावर असेल याची खात्री नसते. वाचकाचा शब्द आणि लेखकाचा शब्द यांच्यामध्ये पूल बांधण्याचे काम सूची करते.

संगणकावर हेच काम 'शोध' करतो. कोणताही कार्यक्रम घेतला, की त्याच्याबरोबर मदतीची फाइल येते. तिच्यात लहान लहान नोंदी असतात. चौकटीत एक शब्द लिहिला की काही नोंदींची यादी समोर येते. बहुतेकांना वाटते, की संगणकाने सगळे वाचून त्यातले योग्य तेवढे निवडले. प्रत्यक्षात ही निवड आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेली असते. कोणती नोंद यादीत यावी, कोणती येऊ नये आणि कोणती आधी यावी, हे ठरवण्याचे काही साधे नियम असतात. ते नियम समजून घेण्यासाठी आपण एक छोटी फाइल मनातल्या मनात तयार करू.

बारा नोंदींची फाइल

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. येथे नदीने कापलेल्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढरट थर आहे. त्याच्या परिसरात आदिमानवाने घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९८०च्या दशकात या थराचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगभरच्या भूशास्त्रज्ञांना या गावाचे नाव ठाऊक झाले.

आता समजा, अशा गावातल्या शाळेने मुलांसाठी गावाची माहिती संगणकात भरायची ठरवली. बारा नोंदी झाल्या: १. गावाचे नाव, २. कुकडी नदी, ३. राखेचा थर, ४. दगडी हत्यारे, ५. राखेचे वय, ६. टोबाचा ज्वालामुखी, ७. बोरीचे झाड, ८. पिकाची राखण, ९. राखीव वन, १०. खोडदची रेडिओ दुर्बीण, ११. राखीपौर्णिमा व इतर सण, १२. शब्दार्थ.

सहावीतल्या एका मुलीला राखेच्या थराबद्दल सगळी माहिती हवी आहे. तिच्या उपयोगाच्या नोंदी चार आहेत: ३, ४, ५ आणि ६. ती चौकटीत 'राख' असे लिहिते. पुढे काय होते?

उलटी वही

संगणक दर वेळी बाराही नोंदी पहिल्यापासून वाचत नाही. फाइल तयार होतानाच तो एक उलटी वही करून ठेवतो. नोंदींत 'या नोंदीत कोणते शब्द आहेत' हे असते. वहीत 'हा शब्द कोणत्या नोंदींत आहे' हे असते. 'कुकडी: २, ३, ४' अशी एकेक ओळ. शोधताना फक्त ती ओळ काढायची. पुस्तकाच्या शेवटची सूची हीच असते. फरक इतकाच, की ती माणूस निवडून करतो आणि ही यंत्र सरसकट करते.

तेव्हा पहिला नियम असा: जे या वहीत नाही, ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. नोंद कितीही चांगली लिहिलेली असो.

आपल्या मुलीने 'राख' लिहिले. संगणकाने तंतोतंत 'राख' हा शब्द पाहिला, तर यादीत दोनच नोंदी येतात: सहावी ('तेथून उडालेली राख...') आणि बारावी ('टेफ्रा म्हणजे ज्वालामुखीची राख'). ज्या नोंदीचे नावच 'राखेचा थर' आहे, ती येत नाही! कारण मराठीत शब्दाला प्रत्यय लागला, की त्याचे सामान्यरूप होते. राख, राखेचा, राखेत, राखेमुळे हे आपल्याला एकाच शब्दाचे वेश दिसतात; यंत्राला ते चार निरनिराळे शब्द वाटतात.

यावर एक सोपी तोड सुचते. 'राख' या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द घ्या. आता तिसरी, पाचवी आणि सहावी नोंद आली. पण त्यांच्याबरोबर पिकाची राखण आली, राखीव वन आले, राखीपौर्णिमा आली आणि शब्दार्थ तर होताच. सात नोंदी आल्या, त्यांतल्या तीनच कामाच्या. चौथी, म्हणजे दगडी हत्यारांची नोंद अजूनही आली नाही. तिच्या लेखकाने 'टेफ्रा' हा शास्त्रीय शब्द वापरला आहे, 'राख' हा शब्द कोठेच नाही.

दोन मापे

शोध चांगला की वाईट, हे नुसत्या वाटण्यावर ठेवू नये. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून सूचीच्या निरनिराळ्या पद्धती मोजून पाहिल्या. त्या परंपरेत दोन मापे रूढ झाली. आलेल्या नोंदींपैकी कामाच्या किती, याला आपण नेमकेपणा म्हणू. कामाच्या एकूण नोंदींपैकी आल्या किती, याला व्याप्ती म्हणू.

तंतोतंत शोधात दोन आल्या, एक कामाची: नेमकेपणा १/२. कामाच्या चारपैकी एक आली: व्याप्ती १/४. अक्षरांवरून शोधले तेव्हा नेमकेपणा ३/७ आणि व्याप्ती ३/४. म्हणजे जाळे मोठे टाकले, तर मासे जास्त आले आणि कचराही जास्त आला. एक माप वाढवताना दुसरे घटणे हे शोधात नेहमीच घडते. दोन्ही मापे वाढवायची तर जाळे लहानमोठे करून भागत नाही. भाषा शिकवावी लागते.

समजा, आपण यंत्राला प्रत्यय ओळखायला शिकवले: 'राखे' + 'चा' म्हणजे 'राख', 'राखी' + 'चा' म्हणजे मात्र 'राखी'. आता ३, ५, ६ आणि १२ अशा चार नोंदी येतील. नेमकेपणा ३/४, व्याप्तीही ३/४. सुधारणा झाली. पण हा नियमही सगळीकडे चालत नाही. 'बोरीचे' हा शब्द घ्या. तो बोरी गावाचा असेल किंवा बोरीच्या झाडाचा असेल. रूप एकच. येथे व्याकरण हात टेकते आणि अर्थ जाणणारा माणूसच लागतो.

लिहिणाऱ्याच्या हातातल्या चार किल्ल्या

पहिली किल्ली म्हणजे सूचीशब्द. चौथ्या नोंदीला 'राख' हा शब्द चिकटवून ठेवायचा. मजकुरात तो असो वा नसो. १९९०च्या दशकाच्या आरंभीच्या विंडोज संगणकांवरील मदत-फाइलींत शोध केवळ अशा शब्दांवरच चाले. लेखक प्रत्येक नोंदीला 'के' या रोमन अक्षराची तळटीप जोडून तीत सूचीशब्द लिही. ज्या नोंदीला ही टीप नाही, ती शोधात येतच नसे. म्हणजे यादीवर लेखकाचा पूर्ण ताबा होता. पण त्याला सुचले नाहीत ते शब्द वाचकाला कधीच उपयोगी पडत नसत. विंडोज ९५ मध्ये संपूर्ण मजकुरातून शोधण्याची सोय आली. आता सगळे सापडू लागले आणि नको ते लपवायचे कसे, हा उलटा प्रश्न उभा राहिला.

दुसरी किल्ली म्हणजे वगळणे. आपली बारावी नोंद, म्हणजे शब्दार्थ, दुसऱ्या नोंदी वाचताना अडलेल्या शब्दापाशी उघडण्यासाठी आहे. ती एकटी उघडली तर वाचकाच्या हाती एक ओळ लागते. तिला वहीतून वगळावे, पण फाइलीतून काढू नये. दुसऱ्या नोंदींतून तिच्याकडे जाणारी वाट चालूच राहते. चौथीला सूचीशब्द दिला आणि बारावी वगळली, की 'राख' लिहिल्यावर ३, ४, ५, ६ अशा नेमक्या चार नोंदी येतात. नेमकेपणा पूर्ण, व्याप्तीही पूर्ण.

येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. शोधात न दिसणे म्हणजे गुप्त राहणे नव्हे. इंटरनेटवरील शोधयंत्रांसाठी मार्टिन कोस्टर यांनी १९९४ साली एक पद्धत सुचवली. संकेतस्थळाच्या दारावर एक लहानशी फाइल ठेवायची आणि 'या भागात येऊ नका' असे यंत्रांना सांगायचे. ही केवळ विनंती असते, कुलूप नव्हे. शिवाय 'पान वाचू नका' आणि 'पान यादीत दाखवू नका' या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिली दिली, तरी दुसरीकडच्या दुव्यांवरून त्या पानाचा पत्ता यादीत येऊ शकतो. मुलांचे पत्ते किंवा गुण असली माहिती म्हणूनच फाइलीत ठेवू नये. 'शोधातून वगळले आहे' हे तिचे संरक्षण नाही.

तिसरी किल्ली म्हणजे गाळायच्या शब्दांची यादी. आणि, व, आहे, तर, ते असे शब्द प्रत्येक नोंदीत असतात. त्यांच्यावरून काहीच वेगळे काढता येत नाही, म्हणून ते वहीत घेत नाहीत. पण ही यादी डोळे झाकून करू नये. 'नाही' हा शब्दही फार येतो. तो गाळला तर 'वय ठरलेले आहे' आणि 'वय ठरलेले नाही' हे यंत्राला सारखेच. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हे शब्द तर गावांच्या नावांत सर्रास येतात. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. नेहमीचे म्हणून ते गाळले, तर थोरल्या गावाची माहिती धाकट्याच्या खात्यावर जाईल.

चौथी किल्ली म्हणजे क्रम. यादीतल्या पहिल्या दोन-तीन नोंदींच्या खाली माणूस क्वचितच जातो. म्हणून शब्द मथळ्यात असेल तर त्याला जास्त वजन देतात. १९७२ साली केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी आणखी एक कल्पना मांडली: जो शब्द थोड्याच नोंदींत येतो, त्याचे वजन जास्त, जो सगळीकडे येतो, त्याचे कमी. आपल्या फाइलीत 'बोरी' जवळपास प्रत्येक नोंदीत आहे. तेव्हा 'बोरी टेफ्रा' असे शोधले, तर क्रम 'टेफ्रा' या शब्दानेच ठरायला हवा.

हाच 'बोरी' शब्द गावाबाहेर गेला, की त्याचे वजन एकदम वाढते आणि अडचणही वाढते. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात एक बोरी आहे, गोव्यात फोंडा तालुक्यात दुसरी. अमळनेर ज्या नदीच्या काठी आहे तिचे नाव बोरी. हिंदीत बोरी म्हणजे पोते. आणि पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली तरी 'बोरी'च होते. म्हणून मुलांना एक सवय लावावी: नावाबरोबर एक ओळखीचा शब्द जोडायचा. 'बोरी कुकडी', 'बोरी जुन्नर', 'बोरी राख'.

सारखे दिसते, सारखे नसते

मराठीची आणखी एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. आपल्या चौथ्या नोंदीत 'कुऱ्हाड' हा शब्द आहे. त्यातले रफारासारखे वळण संगणकात दोन प्रकारे साठवता येते. एका प्रकारात 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण एका प्रकारे टंकलेली नोंद दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या शब्दाने सापडत नाही, जोवर दोन्ही एकच आहेत हे यंत्राला सांगितलेले नसते. तऱ्हा, पायऱ्या, दुसऱ्या, शेतकऱ्यांनी या सगळ्या शब्दांची हीच गत.

जुन्या फाइलींची अवस्था याहून बिकट. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, पण मराठी टंकलेखन पुढे बरीच वर्षे निरनिराळ्या फॉण्टांवर होत राहिले. त्यांत आत रोमन अक्षरांचे संकेत आणि वर मराठी चेहरा असे. तो फॉण्ट असेल तर मजकूर वाचता येतो. पण 'कुकडी' शोधले तर सापडत नाही, कारण आत 'कुकडी' नसतेच. छापील पानाचे नुसते छायाचित्र फाइलीत ठेवले, तर तेही असेच मुके राहते. शाळेत जुनी हस्तलिखिते, गॅझेटियरची पाने, मुलांचे प्रकल्प असे साहित्य संगणकात भरताना म्हणून निदान मथळा आणि पाच-सहा सूचीशब्द युनिकोडमध्ये टंकून जोडावेत.

एकच उत्तर दिसले तर

इथपर्यंत प्रश्न सोयीचा होता. यापुढचा प्रश्न खरेपणाचा आहे.

बोरीच्या राखेचे वय किती? १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९५ साली आर्गॉनवरच आधारलेल्या सुधारित पद्धतीने सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण तपासली. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला होता. ही राख त्याच उद्रेकातली, असे त्यांनी मांडले. टोबा बोरीपासून ३ हजार किलोमीटरांहून दूर आहे.

हा फरक किरकोळ नाही. हातकुऱ्हाडी राखेच्या सोबतच्या असतील, तर राखेचे वय हा त्या घडवणाऱ्या माणसांच्या काळाचा धागा ठरतो. १४ लाख वर्षे आणि ७५ हजार वर्षे यांत दक्षिण आशियातल्या मानवाची कहाणीच बदलते. शिवाय हा नदीकाठ. वाहत्या पाण्याने जुने खनिजकण नव्या राखेत मिसळले असतील, जुनी हत्यारे नव्या गाळात आणून टाकली असतील. म्हणून कोणता आकडा धरायचा, यावर संशोधकांनी एकमेकांना उत्तरे दिली आणि वाद चालू राहिला.

आता पुन्हा आपल्या फाइलीकडे पाहा. समजा, सहाव्या नोंदीत 'राख टोबाची, ७५ हजार वर्षांपूर्वीची' इतकेच आहे आणि मतभेदांची हकिकत पाचव्या नोंदीत आहे. पाचवीला 'टोबा' हा सूचीशब्द द्यायचे राहून गेले. मुलगी 'बोरी टोबा' शोधते, सहावी नोंद वाचते, आकडा वहीत उतरवते. फाइलीत खोटे काहीच लिहिलेले नाही. तरी तिला मिळालेले चित्र अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे हे तिला कळण्याचा मार्गच नाही. दिसलेल्या यादीवरून न दिसलेल्या नोंदींचा अंदाज कोणालाच येत नाही.

म्हणून ज्या दोन नोंदी एकमेकींना छेद देतात, त्यांचे सूचीशब्द सारखे ठेवावेत आणि प्रत्येकीच्या शेवटी दुसरीचा निर्देश द्यावा. मराठी विश्वकोशात नोंदींच्या शेवटी 'पहा' असा निर्देश असतो, त्याचे मोल येथे कळते. शब्दार्थाची नोंद वगळणे ही वाचकाची सोय. मतभेदाची नोंद न दिसणे ही त्याची फसगत. दोन्ही एकाच किल्लीने घडतात. किल्ली फिरवण्यापूर्वी एवढाच प्रश्न विचारावा: ही नोंद न दिसल्याने वाचकाचा वेळ वाचतो, की त्याचे मत बदलते?

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. आपल्या गावाविषयी बारा छोट्या नोंदी बारा कार्डांवर लिहून घ्या. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने कार्डे वाचून उलटी वही तयार करावी: एकेक शब्द आणि त्यापुढे कार्डांचे क्रमांक. दुसऱ्या गटाला कार्डे दाखवू नका. त्यांना फक्त प्रश्न द्या, उदाहरणार्थ 'आपल्या ओढ्याला पूर कधी येतो?', आणि ते कोणता शब्द शोधतील ते लिहायला सांगा. मग वहीत पाहा. किती कार्डे आली, त्यांतली कामाची किती, कामाची असून राहिली किती? दोन्ही मापे फळ्यावर मांडा.

बहुधा असे दिसेल, की एका गटाने 'जलस्रोत' लिहिले आहे आणि दुसरा 'विहीर' शोधतो आहे. मुले आपणहून म्हणतील, की 'जलस्रोत'च्या कार्डावर 'विहीर' लिहून ठेवू. तसे करू द्या आणि पुन्हा मोजा. शेवटी दुसऱ्या गटाला सगळी कार्डे दाखवा आणि विचारा: जे कार्ड तुम्हाला एकदाही मिळाले नाही, ते कोणते आणि का?